आधी कंदील

अजमानच्या सनाइयात, टायरच्या गोदामामागं
आमची चक्की.
ट्रकवाल्याला पत्ता सांगावा लागत नाही,
शिंक आली की डावीकडं वळ, एवढंच.

माझी खोली काचेची. एसी फक्त इथंच,
तोही तराजूसाठी.
चार दशांश मोजणाऱ्या यंत्राला
घाम चालत नाही.
काचेपलीकडं मोईनुल मिरची ओततो,
तोंडाला जुन्या बनियनचा तुकडा.
मास्क आहेत. खोक्यात आहेत.
बलदियाचा माणूस फाटकाशी दिसला की वाटतात,
तो गेला की मोजून परत.

आज हळदीचा लॉट. सहा टन.
गोणी उसवली आणि पिवळा असा अंगावर आला
की मी पाऊलभर मागं सरले.
हरिपूरची आहे मी.
हळद एवढी ओरडत नाही.

नळीत चिमूटभर, वर ॲसिडचे थेंब.
दोन्ही गुलाबी होतात, खरी पण, रंगवलेली पण.
फरक कळतो पाणी घातल्यावर:
खरीचा गुलाबी निघून जातो,
खोटीचा बसून राहतो,
वऱ्हाड गेल्यावरही मांडवात बसलेल्या पाहुण्यासारखा.

पाणी घातलं.
बसून राहिला.
आणखी घातलं.

कोयासाहेब आले. माणूस वाईट नाही,
आबा गेले तेव्हा तिकिटाचे पैसे त्यांनी दिले होते.
म्हणाले, फेल लिहू नकोस, शेरा लिही,
चांगल्या मालात एकास सहा मिसळू,
आकडा खाली येतो.

आबा पेवात उतरायचे.
वीस फूट खोल, आत दोन वर्षांची हळद, कोंडलेली हवा.
तोंडावरची माती काढली की
आधी दोरीनं कंदील सोडायचे, मग माणूस.
ज्योत तगली तर उतरायचं.
विझली तर पेव उघडं टाकून
लिंबाखाली तंबाखू मळत बसायचं, दुपार गेली तरी.
व्यापारी वर चडफडायचा, पण
विझला म्हणून कंदिलाला
कुणी कधी बोललं नाही.

पेन उठेना. झटकलं.
नापास लिहिलं.

तीन दिवस लॉट ताडपत्रीखाली उभा होता.
चौथ्या दिवशी तिथं फरशीवर
फक्त एक पिवळा चौकोन.
कुठं गेला, मी विचारलं नाही.
इथं लिहिते आहे, कारण रजिस्टरात
त्याला रकाना नाही.

गुरुवारी मोईनुलचं मेडिकल, व्हिसाचं.
छातीचा फोटो काढतात.
डाग निघाला तर तिकीट, एकाच बाजूचं.
काचेवर टकटक करून त्यानं विचारलं,
दीदी, मिरची फोटोत दिसते का?

अकरा वर्षं मी जिरं तपासते, धने तपासते,
उंदराची लेंडी, बुरशी, ओल, राख,
कोणत्या देशाला किती चालते ते तोंडपाठ.
त्याच्या छातीत किती चालते
हे कुठल्याच तक्त्यात नाही.

रात्री खोलीवर आईनं धाडलेली पुडी काढली.
तीही तपासली. आईचीच, तरी.
गुलाबी आला, गेला.
मग दूध तापवलं, चमचाभर घातली,
थर्मासमधून सकाळी नेलं.
काही होणार नाही त्यानं, मला माहीत आहे.
पी हळद अन् हो गोरी, म्हणतात आमच्याकडं,
तेही त्याला सांगितलं. त्याला अर्धं कळलं.

उभ्या उभ्या प्याला.
कप परत देताना
काठावर उमटलेलं लाल
बनियनच्या तुकड्यानं पुसलं,
तुकडा पुन्हा तोंडाला बांधला,
आणि आत गेला.